काळजातलं पान

मटणाच्या दुकानात खाटीक काळीज कापत असतो, तेव्हा एकदा जवळ उभं राहून पाहावं. निरोगी काळीज गडद तांबडं, चकचकीत, कडांना धारदार असतं आणि सुरी त्यातून अलगद उतरते. एखाद्या काळजात मात्र सुरी मध्येच अडखळते. वरून ते खडबडीत दिसतं, कडा बोथट झालेल्या असतात आणि आत पांढरट, जाड भिंतीच्या नळ्या लागतात. जाणता खाटीक अशा नळीवर अंगठा ठेवून दाबत पुढे सरकवतो. तपकिरी, घट्टसर पित्ताबरोबर एक चपटी वस्तू बाहेर येते. ती भिजलेल्या कडुनिंबाच्या पानासारखी दिसते, तेवढीच लांब आणि जवळपास तेवढीच रुंद. तळहातावर घेतली की ते पान आक्रसतं, पुन्हा पसरतं. ते जिवंत असतं.

हाच पर्णकृमी. पशुवैद्यक त्याला लिव्हर फ्लूक म्हणतात, पुस्तकांत यकृतकृमी असंही नाव सापडतं. महाराष्ट्राच्या सपाटीवर जी जात आढळते तिचं शास्त्रीय नाव फॅसिओला जायगँटिका. जायगँटिका म्हणजे राक्षसी, कारण थंड प्रदेशातली तिची बहीण फॅसिओला हेपॅटिका जेमतेम 2 ते 3 सेंटिमीटर लांब असते, तर आपल्याकडची 7 सेंटिमीटरपर्यंत वाढते. 1855 मध्ये थॉमस स्पेन्सर कोबोल्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तिचं पहिलं वर्णन केलं, तेही एका जिराफाच्या काळजात सापडलेल्या कृमींवरून.

खाटकाला हा कृमी ओळखीचा असतो. ज्याची मेंढरं त्यापायी खंगतात त्या मेंढपाळाने मात्र बहुतेक वेळा तो कधीच पाहिलेला नसतो, कारण मेलेलं जनावर तो पुरतो आणि जगलेलं विकतो. त्याच्यापुरता हा आजार म्हणजे ‘जनावर अंगाला लागत नाही’, ‘गळ्याखाली पाणी उतरलं’, ‘यंदा कोकरं मरतुकडी निघाली’. या तीन तक्रारींमागे एकच पान असू शकतं, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

जालना जिल्ह्यात या रोगाबद्दल बोलायला लागलं की समोरचा माणूस आधी विचारतो, इथे कुठला आला पाण्यातला रोग? प्रश्न रास्त आहे. हा कृमी पाण्याशिवाय वाढत नाही आणि जालना म्हणजे टँकरचा जिल्हा. पाऊस सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. 2012-13 च्या दुष्काळात राज्यातल्या सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत जालन्याचं नाव होतं. भातखाचरांचं कोकण किंवा तलावांचे भंडारा-गोंदिया इथे हा रोग असणारच, हे कुणालाही पटतं. पण भोकरदन, जाफराबाद, मंठा इथे?

माझं म्हणणं असं की जिथे पाणी कमी तिथे हा रोग समजून घेण्याची गरज जास्त. भरपूर पाण्याच्या मुलखात जनावर शंभर जागी चरतं, शंभर जागी पितं. दुष्काळी मुलखात फेब्रुवारी उजाडला की सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जाऊन थांबतात. बदनापूर तालुक्यात सोमठाण्याचा अप्पर दुधना प्रकल्प आहे. निम्न दुधना धरणाची भिंत परभणी जिल्ह्यात सेलूकडे, पण त्याचं मागचं पाणी परतूर-मंठ्याच्या शिवारात पसरतं. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर असा जातो आणि त्याच्या पाझराने कितीतरी ठिकाणी बारमाही ओल धरलेली असते. गावोगावी 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीतून खोदलेले पाझर तलाव आहेत, कोल्हापुरी बंधारे आहेत. आजूबाजूचं सगळं रान वाळून करडं झालेलं असताना या पाण्याच्या काठाला हात-दोन हात रुंदीचा हिरवा पट्टा उरतो. पाच-पंचवीस कळप रोज त्याच पट्ट्यावर उतरतात, तिथेच चरतात, पितात आणि तिथेच लेंड्या टाकतात. पर्णकृमीला याहून अधिक काही लागत नाही.

त्याचं आयुष्य एका लेंडीपासून सांगायला घेऊ. रोगी मेंढीच्या पित्तातून कृमीची अंडी आतड्यात येतात आणि लेंडीतून बाहेर पडतात. अंडं सोनेरी पिवळं असतं, एका टोकाला त्याला झाकण असतं आणि लांबी जेमतेम 0.15 ते 0.2 मिलिमीटर. हेपॅटिका जातीचा एक प्रौढ कृमी दिवसाला 20,000 च्या आसपास अंडी घालू शकतो. पण अंड्याचं नशीब लेंडी कुठे पडते त्यावर ठरतं. मेंढ्या कुणाच्या शेतात बसवल्या आणि लेंडी काळ्या रानात उन्हाने खडखडीत वाळली, तर अंडं तिथेच संपतं. म्हणून खतासाठी वाडा बसवून घेणाऱ्या शेतकऱ्याने या रोगापायी घाबरायचं कारण नाही. तीच लेंडी काठच्या चिखलात पडली, पाण्यात विरघळली, तर उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत अंड्याचं झाकण उघडतं आणि केसाळ अंगाचं एक अतिसूक्ष्म पिल्लू पोहायला लागतं.

त्याच्याकडे साधारण एका दिवसाचा वेळ असतो. तेवढ्यात त्याला एक विशिष्ट गोगलगाय सापडली पाहिजे, नाहीतर ते मरतं. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं आपण गरीब दिसणाऱ्या लबाड माणसाला म्हणतो. या गोगलगायीच्या पोटात शब्दशः दुसऱ्याचं बिऱ्हाड असतं. पिल्लू तिच्या मऊ अंगात भोक पाडून शिरतं आणि आत एकाचे अनेक, त्या अनेकांचे आणखी अनेक असं वाढत जातं. एका पिल्लापासून शेकडो नवी पिल्लं तयार होतात. दीड-दोन महिन्यांनी ती शेपूट घेऊन बाहेर पडतात, पाण्यात थोडा वेळ वळवळतात, एखाद्या बुडालेल्या पात्याला चिकटतात, शेपूट टाकून देतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. कवचासकट त्यांचा आकार बारीक मिठाच्या कणाएवढा. काही तर गवताची वाट न पाहता पाण्यातच कवच करतात. मेंढी ते पातं खाते किंवा ते पाणी पिते आणि फेरा पूर्ण होतो.

हे सगळं माणसाला कळायला फार काळ लागला. मेंढ्यांचं काळीज ‘सडतं’ हे युरोपातल्या धनगरांना मध्ययुगापासून माहीत होतं आणि दोष ते पाणथळीतल्या एखाद्या वनस्पतीला देत. 1879-80 च्या ओल्या हंगामांत इंग्लंडमध्ये सुमारे 30 लाख मेंढ्या या रोगाने गेल्या. त्यानंतर ऑक्सफर्डच्या अल्जर्नन थॉमस या विशीतल्या प्राणिशास्त्रज्ञाला कारण शोधायला सांगण्यात आलं. तो रोगट कुरणांतल्या गोगलगायी गोळा करून एकेक फोडून पाहत राहिला. जर्मनीत लाइपझिगला रुडॉल्फ लॉयकार्ट हे मुरलेले अभ्यासक त्याच कोड्यामागे होते. दोघांनी स्वतंत्रपणे 1881 ते 1883 या काळात उत्तर शोधलं. एका प्राण्यातून दुसऱ्यात आणि तिथून परत पहिल्यात असा प्रवास करणाऱ्या पर्णकृमी-वर्गातल्या कृमीची पुरी कहाणी माणसाच्या हाती आली ती तेव्हा पहिल्यांदा. धनगरांनी पाणथळीकडे बोट दाखवलं होतं ते बरोबरच होतं, फक्त वनस्पती निर्दोष होती.

ही गोगलगाय ओळखणं कुणालाही जमेल. मराठवाड्यात गोगलगाय म्हटलं की आता सोयाबीन फस्त करणारी शंखी गोगलगाय डोळ्यांसमोर येते. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे तिने हाहाकार केला होता. ती जमिनीवरची, जाड शंखाची, तिचा इथे काही संबंध नाही. आपल्याला हवी ती पाण्यातली. काठाजवळच्या संथ, शेवाळलेल्या पाण्यात हात घालून गवताच्या बुडख्याशी चाचपलं की ती मिळते. शंख पातळ, फिकट तपकिरी, नखाएवढा किंवा जरा मोठा, दाबला तर फुटेल असा. तो टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजव्या हाताला उघडत असेल, शेवटचा वेढा फुगीर आणि तोंड ऐसपैस असेल, तर ती लिम्निया कुळातली, पर्णकृमीची दाई. तोंड डाव्या हाताला असेल तर ती वेगळी, या रोगापुरती निरुपद्रवी. आणि शंखाला टोकच नसेल, तो गुंडाळलेल्या पट्टीसारखा चपटा वेटोळा असेल, तर ती इंडोप्लॅनॉर्बिस. ती दुसऱ्याच एका कृमीची दाई आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

हे बघायला पाच मिनिटं लागतात. आपल्या तलावाच्या कोणत्या काठाला उजव्या तोंडाचे शंख आहेत आणि कोणत्या काठाला नाहीत, हे ज्या मेंढपाळाला ठाऊक आहे त्याच्याकडे औषधाच्या बाटलीहून मोलाची माहिती आहे. खडकाळ, लाटा आपटणाऱ्या काठाला ही गोगलगाय टिकत नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात तिला गवत-चिखल मिळत नाही. जालना तालुक्यातलं कडवंची गाव पाणलोटाच्या कामासाठी आणि द्राक्षांसाठी नावाजलेलं आहे. तिथे शेकडो शेततळी आहेत, पण कागद अंथरलेलं, कुंपणातलं शेततळं म्हणजे या रोगाचं आगर नव्हे. आगर म्हणजे कालव्याची गळकी चारी, बंधाऱ्याखालची दलदल, हौदाच्या फुटक्या तोटीखालचं डबकं.

आता मेंढीच्या पोटात काय घडतं ते पाहू. कवचातलं पिल्लू आतड्यात मोकळं होतं, आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येतं आणि पाच-सहा दिवसांत काळजाशी पोचतं. तिथून ते काळीज खात, पोखरत फिरतं. हे पोखरणं दीड-दोन महिने चालतं. मग ते पित्ताच्या नळीत शिरतं, तिथे पूर्ण वाढतं, रक्त पितं आणि अंडी घालू लागतं. पातं खाल्ल्यापासून लेंडीत अंडी दिसेपर्यंत आपल्याकडच्या जातीला साडेतीन-चार महिने लागतात. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. औषधाच्या बाबतीत जी चूक होते ती सगळी या साडेतीन-चार महिन्यांतच होते.

मेंढीने थोड्या दिवसांत फार कवचं खाल्ली तर शेकडो पिल्लं एकाच वेळी काळीज फाडत निघतात. आत रक्तस्राव होतो. आदल्या संध्याकाळी चरून आलेली धडधाकट मेंढी सकाळी वाघरीत मरून पडलेली सापडते. मेंढपाळ म्हणतो आंत्रविषार झाला, किंवा काही विषारी खाल्लं. पोट उघडून पाहिल्याखेरीज खरं कळत नाही, आणि या अवस्थेत लेंडी तपासून उपयोग नसतो, कारण अंडी घालण्याइतके कृमी मोठेच झालेले नसतात.

आपल्याकडे जास्त दिसतो तो मात्र दुसरा, सावकाशीचा प्रकार. पित्तनळीतला एक कृमी दिवसाला अर्ध्या मिलिलिटरपर्यंत रक्ताची हानी करतो. आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब मांडू. 30 किलोच्या मेंढीच्या अंगात जेमतेम 2 लिटर रक्त असतं. काळजात 50 कृमी असतील तर रोज 25 मिलिलिटर रक्त जातं. 80 दिवसांत 2 लिटर, म्हणजे अंगातलं सगळं रक्त एकदा वाहून गेल्यासारखं. मेंढी ते भरून काढत राहते आणि त्यासाठी लागणारं प्रथिन लोकरीतून, दुधातून, पोटातल्या कोकराच्या वाट्यातून घेते. त्यात हे घडतं ते माघ-फाल्गुनात, जेव्हा चारा नि:सत्त्व झालेला असतो. जनावर गाभण असेल तर विचारायलाच नको.

डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली की आत लाल-गुलाबी दिसायला हवं, ते कागदासारखं पांढरं पडलेलं दिसतं. लोकर ओढली तर पुंजका हातात येतो. आणि जबड्याखाली पाणी उतरतं. रक्तातलं प्रथिन घटलं की रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपून खोलगट भागात साचतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी ही सूज मोठी दिसते, रात्री मान वर ठेवून बसल्यावर सकाळी ओसरते. म्हणून मेंढपाळ म्हणतो, ‘सकाळी बरी होती की!’

या सुजेला घाबरून घटसर्प म्हणणारे पुष्कळ आहेत. फरक हाताने कळतो. घटसर्पाची सूज गरम आणि दुखरी असते, जनावराला सडकून ताप असतो, श्वासाची घरघर असते आणि सगळं एक-दोन दिवसांत आटोपतं. पर्णकृमीची सूज गार, मऊ, न दुखणारी. बोट दाबून काढलं तर कणकेत पडावा तसा खळगा राहतो. मात्र एक सावधगिरी हवी. जठरात राहून रक्त पिणारा एक गोल जंतही अशीच सूज आणतो, आणि त्याचं औषध वेगळं असू शकतं. म्हणून सूज दिसली की पर्णकृमीच, असं म्हणून मोकळं होता येत नाही. लेंडी तपासावी लागते.

शेळी आणि मेंढी यांत शेळी तुलनेने वाचते, पण तिच्या अंगात प्रतिकार जास्त असतो म्हणून नव्हे. शेळी शेंडा खाते, मेंढी बुडखा. उस्मानाबादी शेळी बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरची झुडपं धुंडाळत मागच्या दोन पायांवर उभी राहते. दख्खनी मेंढी मान खाली घालून जमिनीलगतचं गवत कुरतडत जाते, आणि कवचं तिथेच बुडख्याशी असतात. ज्या दिवशी झुडपं संपतात आणि शेळीलाही काठावर उतरावं लागतं, त्या दिवसापासून तिला मेंढीइतकाच धोका असतो. दोघींपैकी कुणालाही हा रोग एकदा होऊन गेल्यावर पुढच्या वर्षी भरवशाचं संरक्षण मिळत नाही. 2019 च्या पशुगणनेनुसार राज्यात शेळ्या 1 कोटीच्या वर आणि मेंढ्या 27 लाखांच्या आसपास आहेत. त्यातला मोठा वाटा ज्यांच्याकडे जमीन नाही किंवा नावापुरती आहे अशा घरांत आहे. दहा शेळ्यांतल्या दोन खंगल्या म्हणजे पोरीची शाळेची फी किंवा दवाखान्याचा खर्च खंगला.

औषधांविषयी मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण इथे लोकांचे पैसे अक्षरशः पाण्यात जातात. ‘जंताचं औषध पाजलं’ हे वाक्य अपुरं आहे. कोणतं पाजलं आणि कधी पाजलं? आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर आणि गोचीड-पिसवांसारख्या त्रासावर चालतं, पर्णकृमीवर अजिबात चालत नाही. अल्बेंडाझोल पर्णकृमीवर चालतं, पण नेहमीपेक्षा जास्त मात्रेत आणि फक्त पूर्ण वाढलेल्या कृमींवर. शिवाय गाभणीच्या पहिल्या महिन्यात ते दिलं तर पोटातल्या जिवाला अपाय होऊ शकतो. ऑक्सिक्लोझॅनाइड स्वस्त आणि सहज मिळणारं, पण तेही पित्तनळीतल्या मोठ्या कृमींचंच. क्लोसँटेल आणि राफोक्सॅनाइड दीड-दोन महिन्यांच्या, अर्धवट वाढलेल्या कृमींपर्यंत पोचतात. काळीज पोखरत फिरणाऱ्या अगदी कोवळ्या पिल्लांना मारणारं औषध म्हणजे 1980 च्या दशकात आलेलं ट्रायक्लाबेंडाझोल. त्यालाही न जुमानणारे कृमी 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांत सापडले, म्हणून ते उठसूट वापरण्याचं औषध नव्हे.

आता हे कॅलेंडरवर ठेवून पाहा. पावसाळ्यात डबकी भरतात, गोगलगायी वाढतात. भाद्रपद-आश्विनापासून पात्यांवर कवचं बसायला लागतात. मेंढ्या ती आश्विन-कार्तिकात खातात. अशा कळपाला दिवाळीत ऑक्सिक्लोझॅनाइड पाजलं, तर आत पोखरत असलेली पिल्लं जशीच्या तशी राहतात आणि माघात मोठी होऊन रक्त प्यायला लागतात. मेंढपाळ म्हणतो, ‘औषध दिलं, गुण आला नाही.’ औषध खोटं नव्हतं, वेळ चुकली. तेच औषध माघ-फाल्गुनात दिलं असतं तर मोठे कृमी गेले असते, कळपाचं रक्त वाचलं असतं आणि उन्हाळ्यात काठावर पडणाऱ्या लेंड्यांतली अंडीही. दिवाळीच्या सुमारासच द्यायचं असेल तर कोवळ्या पिल्लांपर्यंत पोचणारं औषध निवडावं लागतं. उन्हाळाभर काठावर चरलेल्या कळपाला पावसाळ्याच्या तोंडावर आणखी एक मात्रा लागते, कारण त्यांच्या लेंड्यांतूनच नव्या डबक्यांत अंडी जाणार असतात.

मात्रा डोळ्याने ठरवण्याची सवय फार वाईट. झाकणभर सगळ्यांना, अशी पद्धत सर्रास दिसते. 40 किलोच्या मेंढीला ती कमी पडते, कृमी अर्धमेले होऊन सावरतात. 12 किलोच्या करडाला तीच जास्त होते, आणि क्लोसँटेलची मात्रा फार वाढली तर शेळ्या-मेंढ्यांची दृष्टी जाऊ शकते. गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. ताणकाट्याला झोळी बांधून चार-सहा जनावरं तोलली तरी अंदाज सुधारतो. औषध पाजल्यावर किती दिवस दूध आणि मांस वापरायचं नाही हे बाटलीवर छापलेलं असतं, ते दुकानदाराकडून वाचून घ्यावं.

लेंडी तपासायची तर ती जमिनीवरून उचललेली नको, आठ-दहा जनावरांच्या गुदद्वारातून काढलेली ताजी हवी. स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात द्यायची आणि ‘पर्णकृमीसाठी तपासा’ असं स्पष्ट सांगायचं. सांगायचं अशासाठी की बऱ्याच जंतांची अंडी हलकी असतात आणि मिठाच्या पाण्यावर तरंगवून पाहतात. पर्णकृमीचं अंडं जड, ते तळाशी जातं. लेंडी पाण्यात कालवून, गाळून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी ओतून, पुन्हा पाणी घालून असं चार-पाचदा करावं लागतं. शेवटच्या थेंबभर गाळात सूक्ष्मदर्शकाखाली ती सोनेरी अंडी दिसतात. दवाखाना लांब असेल तर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडेही जिल्ह्यातल्या पशुपालकांना विचारपूस करता येते.

मघाशी राहिलेला दुसरा कृमी आता सांगतो. खाटकाच्या दुकानात वजडी धुताना कधीकधी तिच्या आतल्या अंगाला गुलाबी, टपोरे दाणे घट्ट चिकटलेले दिसतात, जणू डाळिंबाचे दाणे. हेही चपट्या कृमींचेच भाऊबंद, वेटोळ्या शंखाच्या गोगलगायीतून येणारे. मोठे झालेले दाणे वजडीत बसून फारसा उपद्रव करत नाहीत. पण त्यांची पिल्लं आधी आतड्याच्या सुरुवातीला रुतून बसतात आणि तेव्हा पाण्यासारखी, घाण वासाची हगवण लागते. तरण्या मेंढ्या, पाठी, करडं पटापट मरतात. तीच जागा, तेच दिवस, तोच काठ. हगवणीवरच्या गोळ्यांनी ती थांबत नाही, ऑक्सिक्लोझॅनाइड इथे उपयोगी पडतं. म्हणून पाणथळीत चरलेल्या कळपाला हगवण लागली की पशुवैद्यकाला सगळ्यात आधी चरायची जागा सांगावी.

काळीज खाणाऱ्यांच्या मनातल्या शंकेचंही बोलू. काळजात सापडलेला मोठा कृमी खाणाऱ्याच्या पोटात रोग करत नाही, कारण रोग येतो तो कवचातून. माणसाला हा रोग जगात होतो तो पाण्यातल्या किंवा पाणकाठच्या भाज्या कच्च्या खाल्ल्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 70 हून अधिक देशांत मिळून किमान 24 लाख माणसांना तो झालेला आहे. नळ्या जाड झालेलं काळीज तरीही टाकून द्यावं. आणि काळजावर पाण्याने भरलेले पांढरे फुगे दिसले तर ते वेगळंच दुखणं आहे. असं काळीज कुत्र्याला चुकूनही टाकू नये, कारण त्यातला कृमी कुत्र्यात वाढतो आणि कुत्र्याकडून माणसात येतो.

प्रतिबंधाच्या पुस्तकी याद्यांत पहिलं वाक्य असतं, पाणथळ जागेत जनावरं चारू नयेत. एप्रिल-मे महिन्यात मंठ्याच्या मेंढपाळाला हे सांगणं म्हणजे चारूच नका असं सांगणं. दुसरा सल्ला, दव वाळल्यावर चारा. तो गोल जंतांसाठी बरोबर आहे, कारण त्यांच्या अळ्या ओलाव्याबरोबर पात्यावर चढतात-उतरतात. पर्णकृमीचं कवच पात्याला डकवलेलं असतं, सकाळी तिथे असतं आणि दुपारीही तिथेच. तिसरा जुना उपाय मोरचूद. पाण्यात मोरचूद टाकला तर गोगलगायी मरतात, पण मासेही मरतात आणि ते पाणी गावालाच प्यायचं असतं.

होण्यासारखं आहे ते पाण्याचं. कळपाला काठावर नेऊन पाजण्याऐवजी पाणी वर घेऊन पाजलं, तर निम्मा प्रश्न सुटतो. पूर्वी विहिरीशेजारी जनावरांसाठी दगडी हाळ असायची. कितीतरी गावांत ती अजून आहे, कोरडी आणि कचऱ्याने भरलेली. तीच साफ करून, विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरून, सभोवती दगड-मुरूम टाकून चिखल होऊ दिला नाही, तर कळप काठावर फक्त चरायला उतरेल, प्यायला नाही. काठाचं गवत कापून आणायचं असेल तर पाण्याच्या वरचं, उंचावर कापावं आणि ऊन देऊन पुरतं वाळवून मगच टाकावं. बदकं या गोगलगायी आवडीने खातात, ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती चारीवर सोडावीत.

आणि चरायला उतरायचंच आहे, तर काठ सगळा सारखा नसतो. उन्हाळ्यात तलावाचं पाणी रोज थोडं मागे सरकतं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी उघडी पडलेली वरची पट्टी उन्हाने कडक वाळते आणि त्या वाळलेल्या गवतावरची कवचं फार टिकत नाहीत. कालपरवा पाण्याबाहेर आलेली, अजून पायाखाली चिखल दबणारी खालची पट्टी मात्र कवचांनी भरलेली असू शकते. तीच सगळ्यात हिरवी आणि मेंढ्यांची ओढ तिकडेच. पायाला चिखल लागायला सुरुवात होते त्या रेघेवर काठी घेऊन एकाने उभं राहायचं आणि कळपाला तिच्या वर चारायचं. दर चार-आठ दिवसांनी पाणी उतरलं की ती रेघ थोडी खाली न्यायची.